धनाजीचं कार्ड उंचावर लागतं

माझा धाकटा भाऊ रणजीत माझ्यापेक्षा शिकलेला आहे, द्रोणागिरीला एका मोठ्या गोदामात सुपरवायझर आहे आणि करंजाड्यात त्याने लिफ्टवाल्या इमारतीत फ्लॅट घेतला आहे. यातल्या कशाचंही मला काही वाटलं नाही. मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी आहे, कोपरखैरण्यात माझं घर आहे, वैजयंतीसारखी बायको आहे आणि कुणापुढे हात पसरायची वेळ माझ्यावर आलेली नाही. माझ्या पोटात दुखायचं ते एकाच गोष्टीने. आईला त्याचा फोन लागायचा आणि माझा लागायचा नाही.

आई, म्हणजे रंगूबाई, गावाला एकटी राहते. पाटणच्या पुढे डोंगरात आमची वाडी आहे. पंचवीस-तीस घरं, एक देऊळ आणि वर टेकाडावर पाण्याची टाकी. आमचे वडील, आप्पा, गेल्यावर आम्ही दोघांनी तिला इकडे ये म्हणून खूप सांगितलं, पण शेळी कोण बघणार, हे तिचं एकच उत्तर. दीड वर्षापूर्वी गणपतीत रणजीतने तिला बटणांचा फोन नेऊन दिला आणि पाटणच्या बाजारातून स्वरा कंपनीचं सिम घेऊन त्यात घातलं. फोन दोन सिमचा होता. त्यातली एक जागा रिकामी आहे हे कळल्यावर मला राहवेना. त्या दिवाळीला मी मुद्दाम गेलो आणि रिकाम्या जागेत अंबर कंपनीचं सिम बसवून आलो. आई सिमला कार्ड म्हणते. एक रणजीतचं कार्ड, एक धनाजीचं कार्ड. दोन्ही नंबर आम्हा दोघांकडेही होते, पण ज्याने त्याने आपापल्या कार्डावरच फोन करायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. भावाच्या कार्डावर आईशी बोलायचं म्हणजे त्याच्या ताटात हात घालून जेवायचं.

अंबर मी काही डोळे झाकून घेतलं नव्हतं. आमच्या टोळीत पाटण, जावळी, शिराळा, वाई अशी सगळीकडची माणसं आहेत. गाडी लागायची वाट बघत गोणींवर बसलो की विषय हाच. कुणाच्या गावात कुठल्या कंपनीची रेंज आहे, कुणाच्या आईला फोनसाठी घरामागे जावं लागतं, कुणाच्या बापाला चिंचेखाली. मी एका पुठ्ठ्यावर गावांची नावं लिहिली, समोर कंपन्या लिहिल्या आणि एकेकाला विचारून खुणा केल्या. झेप कंपनी आमच्या खोऱ्यात कुठेच नव्हती, ती बाद. स्वरा बऱ्याच गावांत होती, पण ती रणजीतची, म्हणून बाद. राहिली अंबर. कोपरखैरण्यातल्या दुकानदाराने मला भिंतीवरचा नकाशा दाखवला. त्यात पाटणपासून कोयनेपर्यंत सगळा मुलूख केशरी रंगवला होता. "काका, डोंगरात आमच्यासारखं कोणीच नाय," तो म्हणाला. आमची वाडीही त्या केशरी रंगाखाली होती. नकाशा सपाट असतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मग रोज संध्याकाळी मी नंबर लावायचो आणि एक बाई मला गोड आवाजात सांगायची, की आपण संपर्क साधू इच्छित असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. रणजीतचा फोन मात्र घरात, अंगणात, चुलीपाशी, कुठेही लागायचा. हे त्याने मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. "दादा, शेळीला दोन पिल्लं झाली, कळलं का?" "दादा, आईचा गुडघा परत दुखतोय, मी तेल पाठवलंय." माझ्याच आईच्या बातम्या मला त्याच्या तोंडून मिळायच्या. मी "हो, माहितीये" म्हणायचो. मला काही माहीत नसायचं. अशा दिवशी मला जेवण जायचं नाही.

"अहो, त्यांच्या कार्डावर लावा की," वैजयंती म्हणायची. "आई तर एकच हाय ना?"

"तू आमच्या दोघांच्या मधी पडू नकोस."

"मी कुठं मधी पडते? मधी तो डोंगर पडलाय."

चैत्रात गावची यात्रा असते. एरवी आम्ही दोघं भाऊ वर्षातून दोनदाच गावी जातो, यात्रेला आणि गणपतीला, आणि दोन्ही वेळेला एकत्र जातो. त्या वर्षी पालखी टेकाडावर टाकीपाशी टेकली होती. सगळी वाडी तिथे जमलेली. आईने कमरेचा फोन काढून वेळ बघितली आणि मला दिसलं, की अंबरच्या दोन काड्या उभ्या आहेत. माझा ऊर भरून आला. "बघ, आली रेंज," मी रणजीतला म्हटलं. नवी मुंबईत घेतलेलं सिम साताऱ्याकडे गेलं की रोमिंगवर जातं. हल्ली त्याचं काही वेगळं द्यावं लागत नाही, पण काड्यांशेजारी इंग्रजी आर उमटतो. आईने त्यावर बोट ठेवून विचारलं, "आन ह्ये काय रं?"

"आर," रणजीत म्हणाला. "आर म्हणजे रणजीत. दादाच्या कार्डावर पण मीच हाय बघ."

सगळे हसले. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसायला हवं होतं, पण माझा चेहरा माझं ऐकेना. रात्री भाकरी थापताना ती एकटी होती तेव्हा मी तिला म्हणालो, "तुझ्या घरात माझा फोन येत नाही, म्हणजे मी ह्या घरातला नाही, असंच मी समजतो. सोमवारपासून रोज सातला लावणार. लागला तर लागला." तव्यावरची भाकरी तिने उलटली.

सोमवारी सातला फोन लागला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"कुठं आहेस?" मी विचारलं.

"घरातच हाय की."

मंगळवारी लागला, बुधवारी लागला. मी कंपनीला तीनदा तक्रार केली होती. तिचाच हा परिणाम, खोऱ्यात नवा टॉवर उभा राहिला असणार, असं मी ठरवून टाकलं. टाकीपाशी दोन काड्या येत होत्या, त्या आता उतरून घरात आल्या, याच्यात मला काहीच नवल वाटलं नाही. त्या वर्षी गणपतीला गावी जायला आम्हा दोघांनाही जमलं नाही. पावसाळ्यात चार-दोन दिवस चुकले असतील, बाकी रोज सातच्या ठोक्याला आई फोनवर हजर. कधी तिला धाप लागलेली असायची. "काय करत होतीस?" "काय न्हाई, भांडी घासत हुते." मागे वाऱ्याचा आवाज असायचा. दार उघडं असेल, मी म्हणायचो.

आणि काय बोलायची ती. समोरासमोर बसून ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. आप्पा लग्नाआधी कुस्ती खेळायचे आणि पहिल्यांदा तिला बघायला आले तेव्हा त्यांचा कान सुजलेला होता. माझ्या जन्माच्या वेळी ओढ्याला पूर होता आणि सुईण पलीकडे अडकली होती. माहेरी तिची एक मैत्रीण होती, गोजरा नावाची, ती लग्नानंतर कधी भेटलीच नाही. अर्धा तास, कधी चाळीस मिनिटं. ठेवताना म्हणायची, "जा, जेव आता." मी जेवायला बसायचो तेव्हा वैजयंती म्हणायची, आज स्वारी खुशीत आहे.

स्वारी खुशीत असायचीच. मी रणजीतला फोन करून उगाचच विचारायचो, "गोजरा कोण, माहितीये का तुला?" त्याला माहीत नसायचं. तो गप्प व्हायचा, आणि त्या गप्प होण्यात मला जी गोडी वाटायची ती सांगायची लाज वाटते, पण वाटायची. मार्केटमध्ये तर मी अंबरचा एजंट असल्यासारखाच वागत होतो. आमच्याच खोऱ्यातल्या ज्योतिबाला आणि बाबासोला मी त्यांच्या घरी अंबरचं सिम घ्यायला लावलं. पंधरा दिवसांत ज्योतिबा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "दादा, तुमच्या अंबरला आमच्या गावात एक काडी न्हाई. आई म्हनती ह्यो डबा कुनी दिला?"

"तुझी आई फोन बघत नसंल," मी म्हणालो. "माझी आई पहिल्या रिंगला उचलते."

त्याच्या आईत काहीतरी कमी आहे असंच मी त्याला सुचवलं होतं.

फेब्रुवारीत रणजीतच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. शेळी शेजारच्या यशोदाबाईंकडे ठेवून आई आली आणि पंधरा दिवस राहणार म्हणाली. राहणार कुठे, तर करंजाड्याला. "त्येची जागा नवी हाय, मोकळी हाय," ती म्हणाली. माझी जागा जुनी आणि भरलेली आहे, हे मला माहीत आहे. वास्तुशांतीचं जेवण करून मी घरी आलो आणि चार दिवस तिकडे फिरकलो नाही. रणजीतच्या सोफ्यावर बसलेली आई मला बघायची नव्हती. पण सातला फोन मात्र रोज केला, अंबरवरच. रोज पहिल्या रिंगला उचलला. "कुठं आहेस?" "घरातच हाय, रणजीतच्या." मी मनात म्हणायचो, राहते त्याच्याकडे, पण सातला आहे माझीच.

पाचव्या दिवशी माझा धीर संपला. अर्धी गोणी कांदे मोटरसायकलवर टाकले, म्हणजे जायला काहीतरी कारण, आणि करंजाडं गाठलं. दुसऱ्या मजल्यावर रणजीतचं दार. राजनंदिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, दार उघडलं.

"या, भाऊजी. आत्ता आलात होय? आत्या देवळात गेल्यात."

"कुठल्या देवळात?"

"खाली हाय ना, सोसायटीच्या मागं. रोज जातात पावणेसातला. साडेसातनंतर येतात."

रणजीत नुकताच कामावरून आला होता, हातपाय धुऊन चहा घेत होता. मी त्याच्यासमोर बसलो. देवळाचं ऐकून मला जरा चुकल्यासारखं झालं. मला घरात आहे म्हणते आणि असते देवळात. पण मग वाटलं, देवळातही ती माझा फोन पहिल्या रिंगला उचलते, हे रणजीतला दाखवायची संधी बरी आहे. सात वाजले. मी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टीपॉयवर ठेवला, त्याच्या कपाशेजारी.

"बोल, बाळा," आई म्हणाली. पहिली रिंगसुद्धा पुरती वाजली नव्हती.

मी रणजीतकडे बघितलं. "कुठं आहेस, आई?"

"घरातच हाय की, रणजीतच्या. सोप्यात बसलीया."

सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, मी बसलो होतो. रणजीतने कप खाली ठेवला. राजनंदिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. फोनमधून वारा ऐकू येत होता आणि त्याच्या मागे घरघर चालली होती, आणि भांडं भरून वाहावं तसं पाणी पडत होतं.

"हा आपला पंप आहे," रणजीत हळूच म्हणाला. "गच्चीवर टाकी भरून वाहतेय."

मी फोन कट केला नाही. कानाला लावला आणि आम्ही दोघं लिफ्टने सातव्या मजल्यावर गेलो, तिथून गच्चीचा जिना. इमारत नवीन, गच्चीच्या दाराला अजून कुलूप नव्हतं. अंधार पडायला लागला होता. टाकीच्या कडेला रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर आई बसली होती. वास्तुशांतीला नेसलेलं हिरवं लुगडं, केस विंचरलेले, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. फोन दोन्ही हातांनी धरून ती विमानतळाच्या दिव्यांकडे बघत मला सांगत होती, "रणजीतची बायको चांगली हाय रं, पन भाजीत लई साखर घालती."

"आई," मी म्हणालो. तिला ते दोन्हीकडून ऐकू आलं. तिने आधी फोनकडे बघितलं, मग मागे वळली.

"तू हितं कसा?"

"तू इथं कशी?"

ती उठायला गेली, गुडघ्यावर हात दाबून परत बसली. पकडली गेल्यासारखी ओशाळली होती. "तुजं कार्ड उंचावर लागतं न्हवं," ती म्हणाली. "गावात टाकीपाशी जाती. म्हनलं हितं बी टाकी बगावी. हितं बी लागलं."

"आई, इथं घरात लागतं. इथं सगळीकडंच लागतं."

"मला काय ठावं. कार्ड त्येच हाय."

"जिना चढून आलीस?" रणजीतने विचारलं.

"त्या पेटीत जीव गुदमारतो."

दुसऱ्या मजल्यापासून गच्चीपर्यंत, पाच दिवस, तो गुडघा घेऊन. आणि गावात चैत्रापासून माघापर्यंत. मी विचारलं, पावसात काय करत होतीस. गोणपाटाची खोळ घेत हुते डोक्यावर, म्हणाली. थंडीत सातला अंधार असतो. बॅटरी हाय की. हे सगळं तिने असं सांगितलं, जणू शेळीला पाला घालायला जाते. "तूच म्हनला हुतास," ती म्हणाली, "फोन लागला न्हाई तर तू घरातला न्हाईस."

मला लाज वाटली, हे खरं आहे. पण त्याच्याआधी मला जे वाटलं तेही सांगतो. मला आनंद झाला. माझ्यासाठी, फक्त माझ्यासाठी, ती रोज डोंगर चढत होती. मी मान वळवून रणजीतकडे बघितलं, त्याला हे पुरतं समजलं की नाही ते बघायला.

त्याला समजलं होतं. तो कठड्याला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा मी यात्रेत केला होता तसा झाला होता.

"मी दिवसातनं दोनदा फोन करतो, दादा," तो म्हणाला. "दोन्ही वेळेला टीव्ही चालू असतो. मालिकेचा आवाज पण ती कमी करत नाही. जेवलास का, हो जेवलो, ठेवू का. दोन मिनिटं. मी सातला लावला की बिझी. रोज सात ते साडेसात बिझी. मला वाटायचं, हा दादा एवढं काय बोलतो? मग तू फोन करून विचारणार, गोजरा कोण."

"तुझा तर घरात लागतो," मी म्हणालो.

"म्हणूनच. घरात लागतो म्हणून मी स्वस्त पडलो. मी तिला चांगलं कार्ड घेऊन दिलं, हीच माझी चूक झाली. तुझं भंगार कार्ड, म्हणून तुझ्यासाठी लुगडं नेसून, केस विंचरून जायचं."

"आरं, काय बोलताय दोगं," आई म्हणाली. "कार्डावरनं भांडताय व्हय? माजं तुमी दोगं बी..."

ते वाक्य तिने पुरं केलं नाही, आणि आम्ही दोघंही त्या वाक्याला भुलणारे नव्हतो.

मी मोठा होतो, मलाच बोलायला हवं होतं. "उद्यापासून मी रणजीतच्या कार्डावर फोन करीन," मी म्हणालो. "तू टाकीवर जायचं नाहीस. इथं पण नाही आन गावात पण नाही." हे मी तिच्या गुडघ्यासाठी बोललो. रणजीतसमोर मोठं दिसावं म्हणूनही बोललो. दोन्हीतलं जास्त कुठलं होतं, ते मला नीट सांगता येणार नाही.

"बरं," आई म्हणाली. चपला पायात सरकवताना तिने विचारलं, "मग मी सातला काय करू?"

"मालिका बघ," रणजीत म्हणाला. खाली जाताना तिने लिफ्टमध्ये डोळे मिटून माझा हात धरला होता, आणि दुसऱ्या हाताने त्याचा.

दहा दिवसांनी ती गावी गेली. त्या संध्याकाळी सातला मी स्वराचा नंबर लावला. माझ्या फोनमध्ये तो 'आई रणजीत' या नावाने होता. पाचव्या-सहाव्या रिंगला उचलला. आवाज स्वच्छ, वारा नाही, धाप नाही. कुणीतरी सून सासूवर ओरडत होती, ती टीव्हीतली.

"हं, बोल. जेवलास?"

"सातला कुठं जेवण, आई."

"व्हय की. आन वैजयंती बरी हाय?" मग बराच वेळ नुसती मालिका. "आगं, आगं, ढकलली बग तिला."

"कुणाला?"

"तुला न्हाई. टीव्हीत. बरं, ठेवू?"

एक मिनिट पन्नास सेकंद. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम आप्पांच्या कुस्तीची गोष्ट काढली. "सांगितलीय की तुला," ती म्हणाली. मी मालिकेच्या वेळा शोधून काढल्या आणि साडेआठला फोन करून बघितला. तेव्हा भांडी होती. नऊला डोळे मिटत होते. वैजयंतीला मी सांगितलं, की एकदम क्लिअर ऐकू येतं आता. ती म्हणाली, बरं झालं, म्हातारीचे पाय वाचले. मीही म्हणालो, बरं झालं. महिनाभर मी रोज म्हणत होतो, बरं झालं, आणि रोज मला ती वर यायला हवी होती. खोटं कशाला बोलू. मला तिचा गुडघा दुखायला नको होता, आणि तरी ती त्या डब्यावर बसून फक्त माझ्याशी बोलायला हवी होती.

मार्चच्या शेवटी अंबरचा मेसेज आला, रिचार्ज संपत आला आहे. आता ते कार्ड बंदच पडू द्यायचं, असं मी ठरवलं. बंद पडायच्या आधी एकदा लावून बघावं, एवढंच मनात होतं. ती बाई सांगेल, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे, म्हणजे आई घरात आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी नंबर लावला.

बाई म्हणाली, आपण संपर्क साधू इच्छित असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.

मी परत लावला. व्यस्त. अंबर घरात लागत नाही. अंबर व्यस्त आहे, म्हणजे आई टाकीपाशी आहे. आणि तो नंबर जगात दोनच माणसांकडे आहे.

मी रणजीतला फोन लावला. व्यस्त. मग राजनंदिनीला लावला.

"भाऊजी, हे गच्चीवर गेलेत," ती म्हणाली. "आत्यांशी बोलतात रोज सातला. तासतासभर. वर निवांत असतं म्हणे."

"कधीपासून?"

"आत्या गेल्या तेव्हापासून. का हो, काही काम होतं का?"

काही नाही म्हणून मी ठेवला. रणजीतला मी काय काय सुनवणार आहे, ते सगळं माझ्या तोंडात तयार झालं. लाज नाही वाटत? तिचा गुडघा तुला माहीत नाही? मी मोठेपणाने सोडलं आणि तू उचललंस? आणि ती, ती तरी. मी वर जाऊ नकोस म्हटल्यावर बरं म्हणाली, आणि त्याच्यासाठी गेली. हिरवं लुगडं नेसून गेली असेल.

वैजयंती आतून म्हणाली, "वाढू का?"

मी घड्याळ बघितलं. साडेसात होत आले होते. त्याचं बोलणं कधीतरी संपेल. मग ती चपला पायात सरकवणार, बॅटरी लावणार, उतरायला लागणार. त्याच्या आत जर तिला गाठलं, तर खाली जाईपर्यंत ती माझीच असेल.

"थांब जरा," मी म्हणालो आणि अंबरचा नंबर पुन्हा लावला. "ती वर हाय तोवर मला पण बोलू दे."